सीपॅपवरचा तो १० नेमका कशाचा?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला, लठ्ठपणा असलेल्यांच्या मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजारासाठी, मान्यता दिली. या आजारासाठी मान्यता मिळालेलं हे पहिलंच औषध. तेव्हापासून 'मग आता ते नाकावरचं यंत्र, म्हणजे सीपॅप, सुटणार का?' असं बरेच जण विचारू लागले आहेत. गंमत अशी की त्यांच्यापैकी अनेकांना मुळात ते यंत्र करतं काय, हेच कुणी धड सांगितलेलं नसतं. कुणाला वाटतं ते ऑक्सिजन देतं, कुणाला वाटतं त्याने फुफ्फुसांना व्यायाम होतो. आणि पडद्यावरचा ८, १० किंवा १४ हा आकडा तर हमखास आजाराची इयत्ता म्हणून वाचला जातो. 'माझा आठच आहे, तुमचा चौदा? जपा हो!'

या आकड्यावरून आजार किती मोठा आहे ते कळत नाही, आणि गोळीच्या मिलिग्रॅमसारखा तो डोसही नव्हे. रात्रीच्या सगळ्यात वाईट क्षणीही तुमचा घसा उघडा राहावा म्हणून हवेचा कमीत कमी किती दाब लागतो, एवढंच तो सांगतो. यातला 'कमीत कमी' हा भाग महत्त्वाचा आहे. तो निसटला की पुढचे बहुतेक गैरसमज सुरू होतात.

झोपेत घसा मिटतो कसा

नाकाला हाडाचा आणि कूर्चेचा सांगाडा आहे. खाली श्वासनलिकेलाही कूर्चेच्या कड्या आहेत. या दोहोंच्या मधल्या घशाला मात्र असा कणखर आधार नाही. गिळायचं, बोलायचं तर तो भाग लवचीकच हवा. जागेपणी तिथले स्नायू तो उघडा धरून ठेवतात. झोप लागली की तेच स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि वाट अरुंद होते. त्यात आपण श्वास घेतो तो हवा आत ओढून. वाट अरुंद असेल तर या ओढीने घशाच्या मऊ भिंतीही आत खेचल्या जातात.

भिंती थरथरल्या की घोरणं ऐकू येतं. त्या पूर्ण चिकटल्या की हवा थांबते. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, पण आत काही जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, गचका देऊन श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याला मात्र सगळं माहीत असतं.

हवा किमान दहा सेकंद थांबली तर तो एक अ‍ॅप्निया. पूर्ण न थांबता बरीच कमी झाली आणि त्यापायी ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली, तर तो हायपोप्निया. दोन्ही मिळून तासाला सरासरी किती होतात, तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसांत पाचच्या आत असेल तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. आजाराची इयत्ता या एएचआयवरून ठरते, यंत्राच्या दाबावरून नाही.

हवेचाच टेकू

सायकलची ट्यूब डोळ्यांसमोर आणा. हवा नसेल तर ती चपटी पडते, आतल्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. थोडी हवा भरली की त्या सुटतात. आपल्याला ट्यूब दगडासारखी टणक करायची नाही, बाजू चिकटू नयेत एवढंच बघायचं आहे. सीपॅप घशात हेच करतं. एक छोटा पंखा खोलीतलीच हवा गाळून, किंचित जास्त दाबाने, नळी आणि मास्कमधून घशात सतत ठेवतो. त्या दाबाने घशाच्या भिंती एकमेकींपासून दूर राहतात. श्वास तुमचा तुम्हीच घेता. यंत्र श्वास देत नाही, आणि डॉक्टरांनी वेगळा जोडायला सांगितला नसेल तर जादा ऑक्सिजनही देत नाही.

ही कल्पना ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांची. १९८० मध्ये सिडनीत त्यांनी व्हॅक्युम क्लीनरच्या पंख्यावर बेतलेलं यंत्र रुग्णाच्या नाकाला जोडलं, आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अनुभव छापला. ४.५ ते १० सेंटीमीटर एवढ्या दाबात पाचही जणांचा घसा रात्रभर उघडा राहिला. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून तिथून श्वासाची वाट काढायची. नाकावर मास्क बांधून झोपायच्या कल्पनेनेच ज्यांना नकोसं होतं, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

सेंटीमीटर, तोही हवेचा?

दाब 'सेंटीमीटर पाणी' या एककात मोजतात. नळीचं टोक पाण्यात दहा सेंटीमीटर खोल बुडवा आणि दुसरीकडून फुंका. बुडबुडा बाहेर पडायला जेवढा जोर लागेल तेवढा दाब म्हणजे १०. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब याच एककात सुमारे १०३३ भरतो. म्हणजे यंत्रावरचा १० हा वातावरणाच्या दाबावर जेमतेम एक टक्क्याची भर आहे. 'एवढ्या दाबाने फुफ्फुस फुटेल का?' ही भीती त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत निराधार ठरते. छातीत हवा साठण्याचा आजार, फुफ्फुसातले मोठे हवेचे फुगे किंवा नाकाजवळ नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

मोठ्यांसाठीच्या साध्या सीपॅपचा पल्ला ४ ते २० असतो. ४ च्या खाली का जात नाहीत? मास्कला मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यांतून बाहेर पडायला हवेचा पुरेसा झोत लागतो. तेव्हा मास्कमधून हवा सुसू करत बाहेर येते म्हणून कुणी ती भोकं चिकटपट्टीने बंद करत असेल, तर त्याला लगेच थांबवा.

आकडा ठरतो कसा

जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची रीत म्हणजे झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र काढणं. डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावतात, आणि शेजारच्या खोलीत तंत्रज्ञ जागा असतो. दाब ४ पासून सुरू होतो. श्वास थांबताना दिसले की तंत्रज्ञ दाब एकाने वाढवतो, किमान पाच मिनिटं वाट बघतो, पुन्हा गरज पडली तर पुन्हा वाढवतो. आधी पूर्ण थांबणारे श्वास सुटतात, मग अर्धवट थांबणारे, शेवटी घोरणं. या प्रक्रियेला टायट्रेशन म्हणतात.

खरी कसोटी पुढे असते. उताणं झोपल्यावर जीभ थेट मागे पडते. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात. दोन्ही एकदम आलं की दाबाची गरज सहसा सर्वांत जास्त असते. ट्यूब तीच, पण आता सायकलवर वजनदार माणूस बसला आहे. म्हणून तंत्रज्ञ त्या स्थितीत घसा उघडा राहतो का ते बघतो, आणि तिथे पुरला तो दाब लिहून देतो. रात्रीच्या बाकीच्या वेळी तोच दाब गरजेपेक्षा थोडा जास्त असतो. ठरावीक दाबाच्या यंत्राची ही किंमत आहे.

याच कारणाने दोन माणसांचे आकडे ताडून काही हाती लागत नाही. एखाद्याचा एएचआय ६० असूनही घसा ८ ला उघडा राहतो, एखाद्याचा २० असून १३ लागतात. जबड्याची ठेवण, मानेभोवतीची चरबी, जिभेचा आकार, नाक किती चोंदलंय, झोपायची सवय, सगळ्याचाच त्यात हात असतो. त्याच माणसाला सर्दीत, झोपेच्या गोळीनंतर किंवा मद्य घेतलेल्या रात्री वेगळा दाब लागू शकतो.

ऑटो यंत्र असेल तर?

हल्ली अनेकांना ऑटो-सीपॅप मिळतं. ते श्वासाच्या प्रवाहाचा आकार बघतं, घोरण्याची कंपनं टिपतं, आणि दिलेल्या पल्ल्यात दाब वरखाली करतं. डॉक्टरांनी द्यायचे असतात दोन आकडे, किमान आणि कमाल.

इथे एक आळस सर्रास दिसतो. कंपनीतून येताना यंत्र ४ ते २० वर असतं, ते तसंच सोडून दिलं जातं. 'ऑटो आहे ना, बघून घेईल.' बघतं खरं, पण प्रतिक्रिया देऊन. घसा मिटू लागल्याची खूण दिसल्यावरच ते दाब वाढवू लागतं. ज्याला ९ लागतात त्याचं यंत्र ४ वर रेंगाळत असेल, तर ९ पर्यंत पोहोचेतो दोनचार श्वास गेलेले असतात. शिवाय अनेकांना ४ वर हवा कमी पडते, गुदमरल्यासारखं होतं, आणि ते पहिल्याच रात्री मास्क काढून ठेवतात. दोष दाब जास्त असल्याचा दिला जातो, प्रत्यक्षात तो कमी असतो.

म्हणून काही रात्रींची नोंद बघून किमान दाब वर आणतात. नोंदीत एक उपयोगी आकडा असतो, कंपनीनुसार ९० किंवा ९५ टक्क्यांचा. त्या रात्री ९५ टक्के वेळ दाब या आकड्यावर किंवा त्याखाली होता, असा त्याचा अर्थ. तो ११ असेल आणि किमान ४ असेल, तर मधल्या दरीवर डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही.

हृदय कमजोर असणं, फुफ्फुसांचा जुनाट आजार, अति लठ्ठपणामुळे मुळातच उथळ झालेला श्वास, मेंदूकडून श्वासाचा संदेशच न निघणं, अशा परिस्थितीत ऑटो यंत्राच्या भरवशावर घरी दाब ठरवत नाहीत. तिथे प्रयोगशाळेतली रात्र टाळू नये.

अजून श्वास अडतोय, मग दाब वाढवावा का?

सगळ्यात जास्त घोळ याच प्रश्नावर होतो. यंत्र रोज सकाळी उरलेला एएचआय दाखवतं. तो पाचच्या आत हवा, पण दिसतोय १२. सहज सुचतं, दाब दोनने वाढवू. त्याआधी हे १२ कशाचे बनले आहेत ते बघायला हवं. बहुतेक यंत्रं किंवा त्यांची अ‍ॅप फोड करून देतात.

घसा मिटल्यामुळे थांबलेले श्वास जास्त असतील, तर दाब वाढवण्यात अर्थ आहे. पण 'सेंट्रल' किंवा 'मोकळी वाट' अशा नावाखालचे श्वास जास्त असतील, तर घसा उघडाच होता, छातीने प्रयत्नच केला नव्हता. रक्तातला कार्बन डायऑक्साइड एका पातळीखाली गेला की झोपेतला मेंदू श्वासाची आज्ञा देणं थांबवतो. सीपॅप सुरू केल्यावर काही जणांमध्ये असे श्वास नव्याने दिसतात आणि बऱ्याच जणांमध्ये काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप ओसरतात. अशा माणसाचा दाब वाढवला तर ते वाढू शकतात. चांगलं करायला जावं आणि आकडा १२ चा १८ व्हावा, असं इथे होतं.

तिसरी शक्यता गळतीची. मास्कच्या कडेने किंवा उघड्या तोंडातून हवा जात असेल, तर घशात ठरलेला दाब टिकतच नाही, आणि यंत्राचं मोजमापही चुकतं. दाब वाढवला की कडेने गळती आणखी वाढते. उपाय मास्कमध्ये असतो आणि शोध आकड्यात चाललेला असतो.

चौथी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. यंत्राला तुम्ही झोपलात की जागे आहात हे कळत नाही, कारण मेंदूच्या तारा जोडलेल्या नसतात. जागेपणी कूस बदलताना रोखलेला श्वासही ते मोजून टाकतं. त्यामुळे एखाद्या रात्रीच्या १२ ने घाबरू नये. आठवड्याची सरासरी बघावी.

दाब गरजेपेक्षा जास्त झाल्याची आणखी एक खूण म्हणजे सकाळी फुगलेलं पोट, ढेकर, गॅस. हवा अन्ननलिकेत शिरलेली असते. हे अंगावर काढायचं दुखणं नाही, सेटिंग बघायची वेळ आली आहे.

स्वतः काय बदलावं, काय नाही

रॅम्प म्हणजे सुरुवातीला दाब कमी ठेवून काही मिनिटांत हळूहळू वर नेणं. ह्युमिडिफायर हवेत ओलावा घालतो. नाक कोरडं पडत असेल तर वाढवा, नळीत पाणी साचून गुडगुड होत असेल तर कमी करा किंवा गरम होणारी नळी घ्या. हे दोन्ही तुमच्या सोयीचे मामले, बिनधास्त बदला.

उच्छ्वासाच्या वेळी दाब थोडा उतरवणारी एक सोय असते, एक ते तीनपर्यंत. हवेच्या विरुद्ध श्वास सोडावा लागतोय असं वाटणाऱ्यांना ती फार आवडते. पण दाब १० आणि सवलत ३ म्हणजे उच्छ्वासात घशाला ७ चाच टेकू मिळतो. काहींना तो पुरत नाही, आणि सगळं नीट असूनही एएचआय वाढतो. ही सवलत वाढवल्यावर आकडा बिघडला, तर आधी तिच्याकडे बघा.

मूळ दाबाचं काय? अनेक यंत्रांत बटणं विशिष्ट रीतीने दाबून डॉक्टरांचा मेनू उघडता येतो, आणि ती युक्ती सगळीकडे पसरलेली आहे. माझं मत असं की नोंद बघायला शिकणं हा रुग्णाचा हक्कच आहे, पण दाब बदलण्याआधी ती नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी. बदल एका वेळी एकाच गोष्टीत, तोही लहान करावा, आणि त्यावर काही रात्री जाऊ द्याव्यात. आज दाब, उद्या मास्क, परवा सवलत असं केलं तर कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही.

यंत्राचा जास्त दाब अजिबात सोसत नसेल, किंवा श्वास मुळातच उथळ असेल, तर बायपॅप देतात. त्यात श्वास घेताना एक दाब आणि सोडताना त्याहून बराच कमी. याहून हुशार, प्रत्येक श्वासाला दाब बदलणारी एएसव्ही यंत्रंही आहेत. पण २०१५ च्या सर्व्ह-एचएफ या चाचणीत, हृदयाची पंप करण्याची ताकद बरीच घटलेल्या आणि मेंदूमुळे श्वास थांबणाऱ्या रुग्णांत, एएसव्हीने हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले दिसले. अधिक महागडं यंत्र म्हणजे अधिक चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही.

मास्कवर दोन शब्द

नाकपुड्यांत बसणाऱ्या उशा, नाकावरचा मास्क, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, असे तीन मुख्य प्रकार. नाक-तोंडाच्या मास्कला बरेचदा जास्त दाब लागतो, कारण तो जबडा मागे ढकलू शकतो. म्हणजे मास्क बदलला तर जुना आकडा तपासून घ्यायला हवा. पट्टे आवळून गळती थांबत नाही, उलट गादी चपटी होऊन वाढते. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबक असतात. पेसमेकर किंवा डोक्यात धातूची क्लिप असलेल्यांनी ते मास्क वापरू नयेत.

'पहाटे तीनला काढून ठेवतो, पण चार तास तर होतात!'

चार तास हा आकडा बहुतेक विमा आणि देयकांच्या नियमांतून लोकांच्या डोक्यात बसला. घशाला तो ठाऊक नाही. रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, आणि घसा तेव्हाच सर्वांत सैल असतो. तीनला मास्क काढणारा माणूस सोप्या अर्ध्या रात्रीत उपचार घेतो आणि अवघड अर्धी तशीच काढतो.

हृदयाला फायदा होतो का, यावरचा वादही इथेच येऊन ठेपतो. २०१६ च्या 'सेव्ह' चाचणीत, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या सुमारे २७०० जणांत, सीपॅपमुळे झटके किंवा मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. त्यात यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता. जास्त वापराने निकाल बदलला असता असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण या चाचणीवरून यंत्र निरुपयोगी ठरवणंही बरोबर नाही. दिवसाची पेंग, घोरणं, एकाग्रता यांत फायदा स्पष्ट आहे. रक्तदाब सरासरी दोन-तीन अंकांनी उतरतो, फार नाही.

'सवय लागली तर?' हाही नेहमीचा प्रश्न. यंत्र बंद केल्यावर काही दिवसांत आजार पुन्हा पहिल्यासारखा दिसतो, तो मुळात गेलेलाच नव्हता म्हणून. यंत्रामुळे घशाचे स्नायू दुबळे होत नाहीत.

औषधाने यंत्र सुटेल का

टिर्झेपटाइडच्या चाचण्यांत वर्षभरात एएचआय सरासरी तासाला २५ ते २९ ने उतरला. आकडा मोठा आहे. पण ज्याचा ५० होता त्याचा २५ झाला, तरी तो अजून मध्यम गटातच आहे. जबड्याची ठेवण हे मुख्य कारण असलेल्या सडपातळ माणसाला तर या औषधाचा उपयोगच नाही, मान्यताही लठ्ठपणा असलेल्यांसाठीच आहे.

औषधाने असो वा आहाराने, वजन बरंच उतरलं की आधी सेटिंग बदलावं लागतं. ११ वर ठरलेला दाब आता जास्त होतो, पोट फुगू लागतं, चेहरा उतरल्याने मास्क सैल होतो आणि हवा डोळ्यांत जाते. ऑटो यंत्र असेल तर ९५ टक्क्यांचा आकडा हळूहळू खाली येताना दिसतो. घोरणं थांबलं एवढ्यावर यंत्र कपाटात टाकू नये. श्वास अडणं शांतपणेही चालू राहू शकतं. यंत्र सोडायचं की नाही हे ठरवायला झोपेची चाचणी पुन्हा करतात, ती सीपॅप न लावता. आधी काही रात्री यंत्र बंद ठेवायचं का आणि किती, हे डॉक्टरांना विचारून घ्या, कारण रोजच्या सीपॅपचा थोडा परिणाम पहिल्या रात्री शिल्लक असतो आणि आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसू शकतो.